शाळेत फलक, घरात फरसाण

सीबीएसईच्या शाळांत साखरेचे फलक लागले, पाठोपाठ तेलाचेही आले. कोणत्या शीतपेयात किती चमचे साखर असते, हे आता सातवी-आठवीतली मुलं धडाधड सांगतात. मंडळाने मे २०२५च्या परिपत्रकात दिलेला आकडा बोलका होता. ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १५ टक्के साखरेतून येतात. यायला हवेत ५ टक्के. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ आणि मेद असलेले पदार्थ विकायचे नाहीत, हा नियम तर २०२०चा आहे. पण ते ५० मीटर ओलांडून मूल घरी येतं, तेव्हा पुढे काय होतं, याबद्दल कुठल्याच परिपत्रकात ओळ नाही.

संध्याकाळचे साडेसात. क्लासहून आलेली दहावीतली मुलगी दप्तर टाकते आणि थेट ओट्यापाशी जाते. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, मेथीची भाजी कढईत झाकलेली. ती गरम करायची, ताट घ्यायचं, वाढून घ्यायचं. आणि हाताच्या उंचीवर, वरच्या फळीवर फरसाणाचा डबा, शेजारी बिस्किटांचे पुडे, ‘मुलांना लागतं’ म्हणून महिन्याच्या किराण्यात भरलेले. ती काय उचलणार, हे सांगायला आहारतज्ज्ञ नको. पुडा घेऊन ती खोलीत जाते, मोबाइल सुरू होतो आणि नऊ वाजता हाक आली की उत्तर येतं, ‘भूक नाही.’ मग तिला बोलणी बसतात.

बोलणी बसायला हवीत ती किराण्याच्या यादीला. ती मोठ्यांनी केलेली असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटं, पाकीटबंद फरसाण, नूडल्स, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला आहे. एकीकडे भिंतीवर फलक लावायचे आणि दुसरीकडे फळीवरचा पुडा स्वस्त करायचा, हे धोरण कुणाच्या हिताचं, हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे.

घराचा मुलांच्या खाण्यावर किती परिणाम होतो, याचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास अमेरिकेत झाला. मिनेसोटा विद्यापीठातल्या डायॅन न्यूमार्क-स्टेनर यांनी १९९८-९९मध्ये ४,७४६ शाळकरी मुलामुलींना त्यांच्या खाण्याबद्दल, घराबद्दल, शरीराबद्दल प्रश्न विचारले. ‘प्रोजेक्ट ईट’ नावाचं हे काम तिथेच थांबलं नाही. त्यातल्या अनेकांशी संपर्क ठेवून पुढची पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. घरच्यांबरोबर वरचेवर जेवणाऱ्या मुलांच्या पोटात फळं, भाज्या आणि कॅल्शियम जास्त जात होतं, शीतपेयं कमी. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा घरच्यांसोबत जेवणाऱ्या मुलींमध्ये पाच वर्षांनंतर उलट्या काढण्यासारखे वजन घटवण्याचे घातक प्रकार कमी आढळले. मुलग्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. एकत्र जेवू शकणारी घरं मुळातच थोडी निवांत आणि सावरलेली असतात, त्यामुळे सगळं श्रेय पंगतीला देता येणार नाही. तरी एवढी वर्षं टिकून राहिलेलं निरीक्षण सहज बाजूला सारण्यासारखं नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मराठी घरांनी जास्त मनावर घ्यायला हवी. किशोरवयात वजनावरून चिडवलं गेलेली मुलं पंधरा वर्षांनी जास्त वजनदार आढळली. मुलींच्या बाबतीत हे चिडवणं घरच्यांनी केलेलं असलं तरी परिणाम तोच होता. आपल्याकडे लग्नकार्यात भेटलेली मावशी पहिलं वाक्य काय बोलते? ‘केवढी सुटलीस गं!’ नाहीतर ‘हिला घरी जेवायला घालत नाही का?’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण त्या वाक्यानंतर मुलगी पुढचे दोन घास टाळते आणि रात्री एकटीच डबा उघडते. न्यूमार्क-स्टेनर यांचा पालकांना सल्ला साधा आहे: वजनाबद्दल बोलणं कमी करा आणि घरातली व्यवस्था बदला.

शिवाय वजन हे मापही फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत माता आणि मुलांचा अभ्यास केला. वजनाने कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगातही तुलनेने चरबी जास्त असते, हे त्यातून जगापुढे आलं. ‘आमचा तर काडीसारखा आहे, खाऊ दे काहीही’ म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. यात पाळीचा वाटा मोठा, पण ताटाचाही आहे. आधी बाबा आणि दादा, मग आजी, शेवटी आई आणि ताई, ही जेवणाची रीत अजून अनेक घरांत आहे. पातेल्याच्या तळाशी उरेल ती उसळ त्यांची. जेवण झाल्या झाल्या चहा, ज्यामुळे अन्नातलं लोह नीट शोषलंच जात नाही. वर सोमवार, संकष्टी, नवरात्र, आणि उपासाला साबुदाणा, ज्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही. उपास करायचाच तर राजगिरा आणि दूध घरात हवं.

हे सगळं कुणी करायचं? आपोआप आईकडे बोट जातं. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. साडेसातला भाजी गरम करून मुलीसमोर ताट ठेवणं आणि शेजारी बसून दोन घास खाणं बाबांनाही जमेल. मुलांना कुकर लावायला, कोशिंबीर करायला बसवणंही तितकंच गरजेचं. स्वयंपाकात हात लावणारी मुलं बरं खातात, हेही ‘प्रोजेक्ट ईट’मध्ये दिसलं आहे. ‘दहावीचं वर्ष आहे, तिला काम सांगू नका’ ही सवलत तिच्या भल्याची नाही.

मात्र ज्या घरातली दोन्ही माणसं सकाळी सहाला शेतावर किंवा कामावर जातात, त्यांना एकत्र जेवणाचे धडे देऊन उपयोग नाही. अशा घरांतल्या मुलांचा आधार म्हणजे शाळेतलं जेवण, पण पीएम पोषण योजनेची खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीत, ऐन वाढीच्या वयात, ती बंद होते आणि दुपारची भूक पाच रुपयांच्या पाकिटावर भागवली जाते. फलकांवर थांबण्यापेक्षा सरकारने ही योजना बारावीपर्यंत न्यावी, आणि शाळांच्या पालकसभांतून ही मागणी आत्तापासून लावून धरावी.