टंच काढणारा पायलट

मी दिल्लीत, करोल बागेत अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात काही मुलं गलाईवाल्यांची असतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची ही कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली, तशी इथेही आली. त्यांतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न हाच आजचा विषय.

ऑगस्ट 2025 मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचा लखनौला सत्कार झाला. त्या वेळी उत्तर प्रदेश सरकारने अंतराळ तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती जाहीर केली. मुलगी म्हणाली, "सर, ते तर फायटर पायलट. मग त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती इंजिनिअरिंगवाल्यांना का?"

प्रश्न चांगला आहे, कारण आपल्याकडे पायलट म्हणजे धाडस आणि इंजिनिअर म्हणजे गणित, अशी वाटणीच झालेली आहे. तिला तसं कारणही आहे. विष्णु माधव घाटगे जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकून आले आणि त्यांनी एचटी-2 हे विमान घडवलं. 1951 मध्ये ते पहिल्यांदा उडवलं मात्र जिमी मुन्शी यांनी. कागदावर एक माणूस, कॉकपिटमध्ये दुसरा.

आता या दोघांचं बोलणं कसं होत असेल, ते बघा. पायलट खाली उतरून म्हणाला, "वळताना जरा जड लागतं." इंजिनिअरने या वाक्याचं काय करायचं? जड म्हणजे किती, कोणत्या वेगाला, किती उंचीवर? तुमच्या वडिलांच्या दुकानात कोणी पिवळाधमक दागिना आणून "सोनं चांगलं आहे हो" म्हणालं, तर ते मान हलवतात का? ते टंच काढतात. आकडा आला की मग भाव बोलायचा. चाचणी वैमानिक हा विमानाचा टंच काढणारा माणूस.

त्यासाठी एक पट्टी आहे. तिचं नाव कूपर-हार्पर, आणि नासाने ती 1969 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातले कूपर स्वतः दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. पट्टीवर 1 ते 10 आकडे आहेत. 1 म्हणजे उत्तम, 10 म्हणजे विमान ताब्यातून जाणार. पण आकडा मनाला येईल तसा द्यायचा नाही, प्रश्नांच्या पायऱ्या उतरत जायचं. विमान ताब्यात राहतं का? ठरवलेलं काम पुरं होतं का? होत असेल, तर त्यासाठी पायलटला किती झटावं लागतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. काम झालं, पण माणूस घामाघूम झाला, तर दोष यंत्राचा धरायचा.

शुक्ला असे चाचणी वैमानिक आहेत. ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत शिकले. त्या प्रबोधिनीची पदवी दिल्लीचं जेएनयू देतं, आणि त्यांची पदवी संगणकशास्त्राची आहे. 2006 मध्ये ते वायुसेनेत दाखल झाले. सुखोई, मिग-21, मिग-29, जग्वार अशी विमानं त्यांनी उडवली. अंतराळवीर म्हणून निवड झाल्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्यांनी एरोस्पेस इंजिनिअरिंगचं एमटेक केलं. 25 जून 2025 रोजी अ‍ॅक्सियम-4 मोहिमेचे पायलट म्हणून ते निघाले आणि 15 जुलैला परतले.

एवढी विमानं उडवलेल्या माणसाला पुन्हा वर्गात कशाला बसवायचं? कारण अंतराळात हाताची सवय दगा देते. समजा तुमच्या पुढे, तुमच्याच कक्षेत, स्थानक चाललं आहे आणि तुम्हाला ते गाठायचं आहे. रस्त्यावर आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबू. तिथे जोर लावलात, तर यान वरच्या कक्षेत जातं, फेरी लांबते आणि तुम्ही आणखी मागे पडता. गाठायचं असेल तर खाली यायचं. दिल्लीकरांनी कॅनॉट प्लेस आठवावं: आतल्या वर्तुळावरून जाणाऱ्याची फेरी आधी पुरी होते. शिवाय खालच्या कक्षेत वेगही जास्त असतो.

बझ ऑल्ड्रिन कोरियाच्या युद्धात 66 मोहिमा उडून आले आणि मग एमआयटीत जाऊन नेमक्या याच विषयावर त्यांनी 1963 मध्ये डॉक्टरेट मिळवली. 1966 मध्ये जेमिनी-12 यानाचं रडार ऐन गाठीभेटीच्या वेळी बिघडलं. ऑल्ड्रिननी सेक्स्टंट आणि तक्ते काढले, हिशेब केला आणि यान लक्ष्यापर्यंत पोचलं. आजचं ड्रॅगन यान स्वतःच स्थानकाला जोडलं जातं. पायलट लक्ष ठेवतो आणि गरज पडली तर हात घालतो. पण ही गरज पडली आहे की नाही, हे ओळखायलाच हिशेब यावा लागतो.

तेव्हा पायलटच्या नावाची शिष्यवृत्ती इंजिनिअरला मिळते, यात विसंगती नाही.

आता पैशाचं बोलू, कारण घरात खरी अडचण तीच असते. राज्य सरकारच्या कोणत्याही योजनेत अधिवासाची ओळ पहिली वाचा. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांची पंचाईत तिथेच होते: गाव महाराष्ट्रात, दहावी-बारावी इथली, आणि कागद दोन्हीकडे अपुरे. म्हणून देशपातळीवरचे रस्ते आधी बघावेत. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वायुसेनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, आणि 2022 पासून मुलीही तिथे शिकतात. तिरुअनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेत जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून एरोस्पेसच्या बीटेकला जाता येतं.

तेही जमलं नाही, तर साध्या कॉलेजातून मेकॅनिकल करा आणि गेटला एरोस्पेसचा पेपर द्या. गेटमधून एमटेकला प्रवेश मिळालेल्यांना केंद्राकडून दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. त्यासाठी तुम्ही कोणत्या राज्याचे, हे कोणी विचारत नाही.