दुखणं अंगात, कारण घरात

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचन संपून बाया उठायला लागल्या की आमचं लक्ष त्यांच्या हातांकडे जातं. कुणी भिंत धरते, कुणी शेजारणीचा खांदा, कुणी गुडघ्यावर हात टेकून “आई गं” म्हणत उठते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “काम केल्यावर दुखणारच की, बाई.”

चाकूर आणि भोवतालच्या वस्त्यांत घरोघर फिरताना आम्ही हेच ऐकतो. दवाखान्यात नोकरी करत होतो तेव्हा अशा बायांच्या हातावर गोळ्या ठेवून आम्हीही त्यांना परत पाठवलं. चूल कशी आहे, पाणी कुठून आणता, झोपता कशावर, हे कधी विचारलं नाही. ती आमची चूक होती.

दुखणं सांगायला लाजायचं कारण नाही. पालि सुत्तांत नोंद आहे: पावा इथे मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत धम्मचर्चा चालली. तथागतांची पाठ दुखू लागली. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, पुढचं प्रवचन सारिपुत्तांवर सोपवलं आणि ते उजव्या कुशीवर आडवे झाले. तथागतांनी पाठीला विसावा दिला, मग आपल्या आईने का देऊ नये?

आपल्या वस्तीतली एक मावशी दोन वर्षं रोज दुकानातून सुटी गोळी आणून घ्यायची. गोळी घेतली की दिवस निघायचा. पुढे पायांवर सूज आली. रक्त तपासलं तेव्हा किडनीवर ताण आल्याचं कळलं. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, किडनी खराब होऊ शकते. पुडीतल्या बिननावाच्या गोळीत स्टेरॉईडही असू शकतं. त्याने लगेच बरं वाटतं, पण साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती मनानेच एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

सोयाबीन काढणीला दिवसभर वाकून विळा चालवायचा. घरी येऊन पुन्हा वाकूनच भाकरी, भांडी, धुणं. शेतातलं वाकणं आपल्या हातात नाही. घरातलं मात्र कमी करता येतं, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

चूल आणि ओटा

गॅस जमिनीवर असेल तर विटांवर शहाबादी फरशी टाकून ओटा करा. उंची स्वयंपाक करणारीच्या मापाने घ्या: हात दुमडल्यावर कोपराच्या पाच-सहा इंच खाली. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी आणि सिलिंडर उभाच ठेवायचा. चूलच असेल तर उकिडवं बसू नका. वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या आणि काठवटही तेवढ्याच उंचीवर ठेवा.

पाणी

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्या भागात पाण्याची ओढ जुनीच आहे. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो वजन. दहा खेपा केल्या की दीडशे किलो मानेवरून आणि कमरेवरून जातं. त्यापेक्षा दोन्ही हातांत लहान कळश्या घ्या, वजन सारखं वाटलं जातं. सायकलला कॅन अडकवून आणलं तर आणखी चांगलं. घरात पिण्याचं पाणी कमरेइतक्या उंच कट्ट्यावर तोटीच्या पिंपात ठेवा, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही.

20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवायला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते पाणी घरापर्यंत बाईनेच वाहावं, असं धम्मात कुठंही सांगितलेलं नाही. मुलांनो, दादांनो, निम्म्या खेपा तुमच्या.

झोप

बाज झोळीसारखी खाली गेली असेल तर ती आवळून घ्या. जमिनीवर झोपत असाल तर दोन-तीन वाकळी एकावर एक घाला. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये. उठताना आधी कुशीवर वळा, हातावर भार द्या, मग बसा.

न्हाणी आणि संडास

भिंतीत एक मजबूत दांडा पक्का बसवून घ्या. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी संडासच्या भांड्यावर भोक पाडलेली भक्कम खुर्ची ठेवता येते. ओली फरशी पुसा आणि रात्री वाटेवर दिवा ठेवा. म्हातारपणी एकदा पडलं की मांडीचं हाड मोडू शकतं.

शेक आणि हालचाल

अवघडलेल्या कमरेला दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक चालतो. साखरेचा आजार असून पायाला बधिरपणा असेल तर पायाला शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही. दुखतंय म्हणून आठवडाभर झोपून राहू नका. झेपेल तेवढं चालत राहा.

घरी थांबू नका

पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवीवरचा ताबा गेला, पडल्यावर दुखणं सुरू झालं, सांधा लाल-गरम होऊन सुजला, किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात जा. छातीतली कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली तर तिला वात समजू नका. लगेच 108 ला फोन करा.

रमाई आवास योजनेचं घरकूल 269 चौरस फुटांचं असतं. ते बांधताना दर्शनी भागाला टाइल्स लावण्याआधी ओटा आणि न्हाणीतला दांडा करून घ्या. गवंड्याला ओट्याची उंची घरच्या बाईनेच उभं राहून दाखवावी.

त्या मावशीच्या मुलाने मागच्या उन्हाळ्यात ओटा बांधला, पिंपाला तोटी बसवली. मावशीचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुटली आणि पायांची सूज उतरली. विहारात मात्र ती अजून खालीच बसते. मूर्तीसमोर खुर्चीवर कसं बसायचं, म्हणते.

तेव्हा एक काम आपण सगळ्यांनी मिळून करू. येत्या पौर्णिमेला विहारात मागच्या बाजूला चार खुर्च्या ठेवू आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हात धरून तिथे बसवू.

जय भीम! नमो बुद्धाय!