केबलचोर पोराचं पुढे काय?

विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली की पाण्याची पाळी चुकते आणि पानमळा माना टाकतो. निमगाव केतकीसारख्या पानमळ्यांच्या गावातल्या शेतकऱ्याचा संताप खराच आहे. पण समजा, चोर गावातलाच एकोणीस वर्षांचा पोरगा निघाला आणि हा त्याचा पहिलाच गुन्हा असला, तर?

गैरसमज : तुरुंगात धाडल्याशिवाय अद्दल घडत नाही.
वस्तुस्थिती : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार पहिल्याच गुन्ह्यात चोरी पाच हजारांहून कमी किमतीची असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे लोकांच्या उपयोगाचं, विनामोबदला काम. कोवळं पोर सराईतांच्या संगतीत ठेवण्यापेक्षा ही शिक्षा गावाच्याही हिताची.

गैरसमज : परिविक्षेवर (प्रोबेशनवर) सोडलं म्हणजे मोकाट सोडलं.
वस्तुस्थिती : १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमानुसार चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, तेही तीन वर्षांपर्यंत. न्यायालय परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतं, नुकसानभरपाईही द्यायला लावू शकतं. अट मोडली, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. आरोपी २१ वर्षांखालचा असेल, तर अशा गुन्ह्यात त्याला तुरुंगात पाठवण्याची कारणं न्यायालयाला नोंदवावी लागतात.

गैरसमज : एकदा शिक्का बसला की जन्म वाया.
वस्तुस्थिती : याच कायद्याच्या कलम १२ नुसार परिविक्षेचा लाभ मिळालेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. कायदा शिक्का पुसतो. गाव मात्र तो जपून ठेवतं.

गैरसमज : गुन्हेगार कधी सुधारत नाही.
वस्तुस्थिती : औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंतींविना वसाहत, कसायला जमीन, सोबत बायकामुलं. आणि राहणारे कैदी गंभीर गुन्ह्यांतले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच. २०२२ मध्ये येरवडा तुरुंगात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ योजनेतून कैद्यांना पन्नास हजारांपर्यंत कर्ज देऊ केलं. खुनाच्या कैद्यावर विश्वास टाकता येतो, तर केबल चोरणाऱ्या पोरावर का नाही?

निमगाव केतकीतून तुकोबांच्या पालखीचा मुक्काम हलला की गावात साफसफाईचं काम पडतं. समाजसेवेची शिक्षा तिथे सत्कारणी लागेल. केबलचे पैसे त्याच्याकडून जरूर वसूल करा. पण ते फेडायला त्याने कमवायला हवं, आणि त्यासाठी कुणीतरी त्याला पानखुडणीला बोलवायला हवं. ते काम न्यायालयाचं नाही, आपलं आहे.