अंडं पायावर घेणारे पेंग्विन दोनच

हिमवादळात पायांवर अंडं सांभाळत उभा असलेला बाप ही पेंग्विनची सर्वांत लाडकी प्रतिमा. २००५ च्या ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ या माहितीपटानं ती जगभर पोचवली. चित्र खरंच आहे, पण ते एम्पररचं. पेंग्विनच्या सुमारे १८ जातींपैकी घरटं न बांधता अंडं पायांवर उबवणाऱ्या जाती दोनच: एम्परर आणि किंग. त्यातही किंगचे नर-मादी आळीपाळीनं उबवतात.

बाकीचे रीतसर घर करतात. अ‍ॅडेली खडे रचतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी अंड्याखाली साचू नये, हा त्यामागचा हिशोब. खडे कमी पडले की शेजाऱ्याच्या घरट्यातले बिनदिक्कत पळवतो. न्यूझीलंडचा चिमुकला लिटल पेंग्विन बिळात राहतो, तर गॅलापागोसचा लाव्हाच्या कपारींत.

मुंबईत राणीच्या बागेत २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. पेंग्विन म्हणजे बर्फ, या समजुतीला तिथेच तडा जातो. कारण तिकडे पिल्लांना वाचवायचं असतं ते उन्हापासून. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे वर्षानुवर्षं साचलेले थर, म्हणजे ग्वानो, खोदून हे पेंग्विन बीळ करतात. दोन अंडी घालतात आणि नर-मादी पाळीपाळीनं सुमारे ४० दिवस ती उबवतात. एकोणिसाव्या शतकात हाच ग्वानो खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेला आणि पेंग्विनच्या पायाखालची घराची जमीनच खरवडली गेली.

एम्परर मादी अंडं नवऱ्याच्या गळ्यात मारून मजेत निघून जाते, असं म्हणणं हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे. अंडं घालून खंगलेली ती समुद्र गाठते, ते पिल्लासाठी पोटात अन्न भरून आणायला. जाण्यापूर्वी तिच्या पायांवरचं अंडं नराच्या पायांवर सरकवलं जातं, तो क्षण मोठा जोखमीचा. ते बर्फावर घरंगळून पडून राहिलं, तर गोठतं. पुढे साधारण ६४ दिवस नर ते पोटाच्या घडीखाली धरून उभा राहतो, तोही उपाशीपोटी. एवढं होऊनही मादी परतायच्या आत पिल्लू बाहेर आलंच, तर तो अन्ननलिकेत तयार होणारा दह्यासारखा स्राव त्याला भरवतो.

आणि हो, ती जन्मोजन्मीची जोडी! एम्परर जोडप्यांपैकी पुढच्या हंगामात पुन्हा एकत्र येणारी सुमारे १५ टक्केच. घरटंच नाही, तर परतून भेटायचं कुठे? ठरलेल्या घरट्याकडे परतणाऱ्या जातींत जुना जोडीदार पुन्हा मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पेंग्विनचं पिल्लू जन्मतःच पट्टीचं पोहणारं असतं, हेही खरं नाही. त्याची मऊ लव पाण्यात भिजते. एम्पररच्या पिल्लाला जलरोधक पिसं येईपर्यंत पायाखाली घट्ट बर्फ हवाच. २०२२ मध्ये अंटार्क्टिकातल्या बेलिंग्सहाउझेन समुद्राचा बर्फ वेळेआधीच फुटला. तिथल्या पाचपैकी चार एम्परर वसाहतींमध्ये त्या हंगामातलं बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही.