ट्युनिसचं पत्र : मुफ्तींच्या घरातले घटनापंडित

ट्युनिसच्या जुन्या शहरात झैतुना मशिदीच्या भिंतीला लागूनच अत्तरवाल्यांचा बाजार आहे. मशिदीतले कितीतरी खांब कार्थेजच्या रोमन अवशेषांतून उचलून आणलेले. परदेशी अभ्यासक इथे येतात ते इब्न खल्दूनच्या ओढीने. इतिहासशास्त्राचा हा आद्य पंडित १३३२ साली याच शहरात जन्मला, आणि मुख्य रस्त्यावर त्याचा पुतळाही आहे. आजचा ट्युनिशिया कळायचा तर मात्र बेन आशूर घराण्याची ओळख करून घ्यावी.

मूळचं हे अंदलूसचं, म्हणजे मुस्लिम स्पेनचं, घराणं. मुहम्मद ताहिर बेन आशूर (१८७९–१९७३) यांनी तीस खंडांचं कुराणभाष्य लिहिलं. १९६० साली राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांनी देशाच्या विकासासाठी कामगारांनी रोजे सोडावेत असा धोशा लावला. ऐंशीच्या घरातल्या शेखसाहेबांनी त्याला मान्यता दिली नाही. त्याच वर्षी झैतुना विद्यापीठाचं प्रमुखपद त्यांच्याकडून गेलं. म्हणून हे घर सुधारणेच्या आड येणारं होतं असं कोणी समजू नये. १९५६ च्या कायद्याने बहुपत्नीत्व बंद झालं, तेव्हा त्यांचे चिरंजीव फादिल यांनी त्या कायद्याची बाजू घेतली आणि १९६२ मध्ये तेच देशाचे मुफ्ती झाले.

नातवंडं कायद्याकडे वळली. सना बेन आशूर स्त्रियांच्या समान वारसाहक्कासाठी भांडतात. याच घराण्यातल्या मुहम्मद अझीझ बेन आशूर यांनी मात्र एकोणिसाव्या शतकातल्या ट्युनिसच्या समाजाचा इतिहास लिहिला.

ट्युनिसमध्ये विद्या अशी घराण्यातून चालत आली; नागपूरकरांना इस्लामी इतिहासाच्या अभ्यासाचा याहून वेगळा नमुना माहीत असायला हवा, पण सिव्हिल लाइन्समधून रोज जाणाऱ्यांनाही तो बहुधा ठाऊक नसतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेख शाखा नागपुरातच आहे. ओला कागद दगडावर थापून, शाई लावून घेतलेले ठसे वाचायचे, राजाचं नाव आणि हिजरी सन पक्कं करायचं, हे तिथलं काम. डॉ. झियाउद्दीन देसाई यांचा यात मोठा लौकिक. मात्र ही विद्या सरकारी खात्याची. ती बापाकडून मुलाकडे जात नाही.

ट्युनिसमध्ये अजून आडनावाला वजन आहे. २०११ च्या क्रांतीनंतर संक्रमणकाळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद फादिल यांचे पुत्र, घटनापंडित इयाद यांच्याकडे आलं. उमेदवारयादीत एक पुरुष, एक स्त्री असा क्रम त्याच मंडळाने घालून दिला. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा इयाद यांनी त्याला सरळ सत्तापालट म्हटलं. सईद हेही पूर्वी घटनात्मक कायदाच शिकवत.