‘तुम्ही बसा’ म्हणण्यापूर्वी...

घरातलं माणूस साठी ओलांडून पुढे गेलं, की आपण त्याच्या हातातली पिशवी काढून घेतो. त्याला पाण्याची कळशी उचलू देत नाही, माळ्यावरचा डबा काढू देत नाही. ‘तुम्ही बसा हो आता, खूप केलंत,’ म्हणतो. ही माया खरीच असते; पण शरीराचा हिशेब मायेवर चालत नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठीपुढच्या निरोगी माणसांना त्यांनी फक्त दहा दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं. आजार नाही, जेवणखाण व्यवस्थित. तरीही या दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं सरासरी जवळजवळ एक किलो मांस झिजलं! माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला हे चालू खात्यासारखं वाटतं. उचल रोजचीच आहे; भरणा थांबला की शिल्लक संपायला वेळ लागत नाही.

हा भरणा होतो तरी कसा? अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाला १९६१ साली बेडकाच्या स्नायूत तंतूंना चिकटून बसलेल्या काही चिमुकल्या पेशी दिसल्या. एरवी त्या निजलेल्या असतात. श्रमाने तंतूला बारीक इजा झाली, की त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या तंतूत मिसळून त्याची डागडुजी करतात. त्याआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते याच धामधुमीत. हा दाहच, पण कामापुरता. काम झालं की विझणारा.

दुसरा दाह राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. वय वाढतं, पोटाचा घेर सुटतो, हालचाल मंदावते आणि शरीरात एक धग कायमची राहते. ती दिसत नाही, दुखतही नाही. पण स्नायू पोखरते, रक्तवाहिन्या खराब करते, मधुमेहाला वाट करून देते.

ही धग विझवायला स्नायूच मदत करतो, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवलं. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाला आढळलं, की राबणारा स्नायू ‘इंटरल्युकिन-६’ नावाचं रसायन रक्तात सोडतो. हे रसायन तोवर दाहाचं साथीदार म्हणूनच ओळखलं जात होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना जिवाणूंचं विष अल्प प्रमाणात टोचण्यात आलं. ते नुसते बसून होते, तेव्हा रक्तातलं दाहकारक द्रव्य दुपटी-तिपटीने वाढलं. तीन तास सायकल चालवत असताना मात्र ते वाढलंच नाही! स्नायूने पाठवलेलं इंटरल्युकिन दाह शमवणाऱ्या इतर द्रव्यांना हाक घालतं, असं दिसून आलं. स्नायूंच्या अशा निरोपांना आता ‘मायोकाइन’ म्हणतात. म्हणजे स्नायू हा नुसता ओझ्याचा बैल नाही. तो सबंध शरीराशी बोलत असतो; मात्र राबला तरच.

‘आता या वयात काय उपयोग?’ असं कुणी विचारील. त्याचं उत्तर १९९० सालीच मिळालं आहे. मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी बोस्टनच्या एका शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं.

अर्थात, उद्यापासून आजोबांना आखाड्यात उतरवायचं नाही. हृदयविकार, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. दुखऱ्या सांध्यावर जबरदस्ती करू नये. श्रमानंतर विश्रांती हवी आणि ताटात डाळ, दूध, चालत असेल तर अंडं हवं. विटांवाचून गवंडी काय बांधणार?

सुरुवात साधी असावी. पाठीशी भिंत असलेली भक्कम खुर्ची घ्यावी आणि जमेल तर हातांचा आधार न घेता सावकाश उठावं, सावकाश बसावं. पाच वेळा, मग आठ, मग दहा. न्हाणीघरात तोल गेला, तर सावरायला हेच पाय लागतात. सूनबाईंनी, मुलांनी शेजारी जरूर उभं राहावं. पण उठायचं मात्र आईंनी किंवा बाबांनी, स्वतःच्या पायांवर.