इंग्रजीच्या पेपरातले स्वतःचे वाक्य

मराठी माध्यमातून दहावीला बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. या ८० पैकी साधारण २५ गुणांची उत्तरे पाठ्यपुस्तकात कुठेही सापडत नाहीत. पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून परिच्छेद, बातमी किंवा गोष्ट, न वाचलेल्या उताऱ्याचा सारांश अशी त्यांची विभागणी असते आणि प्रत्येकाला ५ गुण असतात. सातारा आणि सांगली हे जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. तिथल्या गावोगावच्या हायस्कुलांतली मुले हे २५ गुण बहुधा गाईडच्या भरवशावर सोडतात. दहा पत्रे आणि पाच गोष्टी पाठ करायच्या, त्यातले एखादे येईल अशी आशा धरायची. विषय थोडा बदलला की पाठ केलेले पत्र गळ्यात अडकते.

इंग्रजी लिहायला शिकण्याची धडपड या मुलखाला नवी नाही. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४९ पर्यंत या जिल्ह्यांतला मोठा भाग एकच होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८९९ मध्ये साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ज्यांच्या घरात कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा मुलांच्या हाती पाटी-पुस्तक आले. त्याआधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले होते. घरात मराठी बोलणाऱ्या त्या मुलाने पुढे आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. ७ नोव्हेंबर हा त्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत आज जुनाट मानली जाते. पण तिच्यात एक गुण होता. मराठी वाक्य समोर ठेवले की मुलाला त्याचे इंग्रजी स्वतः करावे लागे, आणि तेही रोज. जून २००० पासून राज्यातल्या सर्व शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे दहावीच्या मुलाची इंग्रजीशी दहा वर्षांची ओळख असते. तरीही या दहा वर्षांतले बहुतेक लेखन फळ्यावरचे उतरवून घेण्याचे असते. स्वतःचे वाक्य करण्याची वेळ अनेकांवर थेट परीक्षेतच येते, आणि खरी अडचण इथेच आहे.

मराठी मनात तयार झालेले वाक्य इंग्रजीत नेताना दोन गोष्टी उलटतात. ‘मी शाळेत जातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी आहे. ‘आय गो टू स्कूल’मध्ये ते कर्त्याला चिकटून दुसऱ्या जागी येते. शिवाय मराठीत ‘त’ हा प्रत्यय शाळेच्या मागून येतो, इंग्रजीत ‘टू’ शाळेच्या आधी उभा राहतो. ‘टेबलावर’चे ‘ऑन द टेबल’ होते, ‘पावसानंतर’चे ‘आफ्टर द रेन’. मुलांच्या चुका वरवर शंभर प्रकारच्या दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळशा या दोन उलटापालटींतून निघतात. जत तालुक्यात काही घरांत कन्नड बोलली जाते. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येत असल्याने तिथल्या मुलांनाही हाच उंबरठा ओलांडावा लागतो.

त्यानंतर येतात ‘मला’ची वाक्ये. मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, मला पोहता येते, मला ताप आला. मराठीत भूक, भाऊ, ताप यांना मान मिळतो आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला बसतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन पुढे येतो: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय कॅन स्विम’, ‘आय हॅव ए फीव्हर’. एकाच ‘मला’साठी तीन वेगळ्या घड्या लागतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे एका जागी क्वचितच सापडते. एका तासात फळ्यावर अशी वीस वाक्ये करून घेतली, तर मुलांच्या वह्यांत फरक दिसू लागतो. कर्ता गाळण्याची सवयही मराठीचीच. ‘काल गेलो होतो’ एवढे मराठीत पुरते, कारण ‘गेलो’मध्ये ‘मी’ लपलेला असतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. पाऊस पडत असला तरी ‘इट’ आणून बसवावे लागते.

‘ए’ आणि ‘द’ यांची भीती मात्र अनाठायी आहे. मराठी गोष्ट सांगताना आजी ‘एक शेतकरी होता’ अशी सुरुवात करते आणि पुढच्या वाक्यात ‘त्या शेतकऱ्याची एक विहीर होती’ असे म्हणते. पहिल्यांदा आलेल्या ‘एक’च्या जागी बहुतेक वेळा ‘ए’ बसतो आणि ओळख झाल्यावरच्या ‘त्या’च्या जागी ‘द’. नियम याहून बारीक आहेत, पण गोष्ट आणि बातमी लिहायला एवढी शिदोरी पुष्कळ होते.

पत्राचेही तसेच. गावात येणारी सकाळची एसटी उशिरा येते, आगारप्रमुखांना पत्र लिहा, असा प्रश्न आला असे समजा. कच्च्या वहीत पहिला प्रयत्न साधारण असा उतरतो: ‘अवर व्हिलेज बस डेली लेट कमिंग. सो वी आर स्कूल लेट. प्लीज टाइम चेंज.’ यात मुलाला काय म्हणायचे आहे ते पूर्ण कळते. विचार क्रमाने आला आहे: तक्रार, परिणाम, मागणी. हे त्याचे स्वतःचे आहे आणि ते पुसून गाईडमधली भारदस्त वाक्ये घालण्याची काही गरज नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: क्रियापद कुठे आहे? पहिल्या वाक्यात ‘कमिंग’ एकटेच शेवटी बसले आहे. ते उचलून बसच्या पुढे आणले की ‘द मॉर्निंग बस टू अवर व्हिलेज कम्स लेट एव्हरी डे’ तयार होते. बस एक आहे म्हणून ‘कम’ला ‘स’ लागला. दुसऱ्यात शाळेला उशीर म्हणजे नेमके काय बुडते ते सांगितले की ‘वी मिस द फर्स्ट पिरियड’ हे छोटे, धडधाकट वाक्य मिळते. तिसऱ्याचे ‘प्लीज चेंज द टाइम’ झाले की पत्राचा गाभा पुरा होतो. पत्ता, दिनांक, विषय, मायना आणि शेवटची सही यांचा साचा पाठ करावा, तो पाठ करण्यासारखाच असतो. मधली वाक्ये मात्र मुलाच्याच हातची हवीत.

तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याच्या प्रश्नात अनेकदा एखाद्या प्रक्रियेचा क्रम दिलेला असतो. त्याच्या सरावासाठी सांगलीच्या मुलाला दूर जावे लागत नाही. हळद काढतात, शिजवतात, उन्हात वाळवतात, ड्रममध्ये घासून पॉलिश करतात, मग ती सौद्याला बाजारात येते. कुणी केले हे इथे महत्त्वाचे नाही, म्हणून इंग्रजीत कर्मणी प्रयोग येतो: ‘द टर्मरिक इज बॉइल्ड. देन इट इज ड्राइड इन द सन. आफ्टर दॅट इट इज पॉलिश्ड.’ कराडच्या मुलाने गुऱ्हाळ घ्यावे: ऊस गाळला जातो, रस काहिलीत उकळला जातो, मळी काढली जाते, गूळ साच्यात ओतला जातो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कामाचे इंग्रजी करताना क्रम चुकत नाही, सगळे लक्ष भाषेकडे देता येते. परीक्षेत पुढे कागद कसा बनतो हे आले तरी वाक्याचा सांगाडा हाच राहतो.

सारांशाची गफलत वेगळी असते. मुले उताऱ्यातली चार वाक्ये जशीच्या तशी उचलतात. उतारा वाचून झाल्यावर पुस्तक झाकून त्यात काय होते ते मराठीत दोन वाक्यांत सांगायचे आणि मग त्या दोन वाक्यांचे इंग्रजी करायचे, हा साधा उपाय आहे. मराठीत नीट सांगता येत नसेल, तर उतारा समजलेलाच नाही. गोष्टीचेही तसेच: प्रसंग, अडचण, वळण आणि शेवट हा क्रम कोणत्याही भाषेतल्या वाचनातून अंगी बाणतो. त्यासाठी ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झालेल्या पाचगणीजवळच्या भिलारमध्ये बसून वाचलेली मराठी पुस्तकेही इंग्रजीच्या पेपरात कामी येतात.

वह्या तपासायच्या कुणी, हा शाळेपुढचा खरा प्रश्न आहे. वर्गात पन्नास-साठ मुले असली की शिक्षकाला रोजच्या रोज साऱ्या वह्या पाहणे जमत नाही. पण रोज पाचच वाक्ये लिहिली, तर ती दोन बाकांवरची मुले एकमेकांची तपासू शकतात. एका दिवशी फक्त क्रियापदाखाली रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी फक्त ‘स’ पाहायचा, तिसऱ्या दिवशी स्पेलिंग. सगळ्या चुका एकदम लाल करून वही परत दिली तर मूल लिहायलाच घाबरते. एका वेळी एकच चूक धरली तर ती सुटते. स्पेलिंगला मात्र घोकण्यावाचून इलाज नाही. मराठीच्या एका ‘व’साठी इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अशी दोन अक्षरे आहेत, आणि ‘नो’ म्हणजे जाणणे लिहिताना आधी न उच्चारला जाणारा ‘के’ येतो. हे कान सांगत नाही, फक्त डोळा सांगतो.

वेळ काढणे अशक्य नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक नेम धरला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि गावभर टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात. त्या दीड तासातली पंधरा मिनिटे पाच इंग्रजी वाक्यांना पुरतात, आणि वर्षभरात तेवढ्यातून हजाराहून जास्त वाक्ये हातून लिहिली जातात. एखादे गाईड पाठ करण्यापेक्षा हा व्यवहार कितीतरी फायद्याचा आहे.

पेपराची वेळ तीन तास. २०२३ पासून मंडळाने शेवटी १० मिनिटे वाढवून दिली आहेत. बहुतेक मुले त्यात पुरवण्या बांधतात आणि बैठक क्रमांक पुन्हा पाहतात. तेही करावेच. पण उरलेल्या आठ मिनिटांत पत्र, बातमी आणि परिच्छेद यांवरून एकदा पेन्सिल फिरवायची, प्रत्येक वाक्यातले क्रियापद बोटाने दाखवायचे, आणि जिथे ते शेवटी जाऊन बसलेले दिसेल तिथून उचलून कर्त्याशेजारी आणून ठेवायचे.